दगडातले मासे जमविणारे स्टीफन हिस्लॉप

ज्या भगिनींच्या देवघरात शाळिग्राम आहे त्यांनी तो हातात घेऊन कधी नीट न्याहाळला आहे का? काळाभोर, गुळगुळीत, आणि जेथे फुटलेला असेल तेथे आत चक्राची आकृती. माझ्या सासूबाई तो रोज तुळशीपत्र वाहून पुजीत असत. त्यांच्यामागे मीही तसेच करते. ते चक्र म्हणजे फार प्राचीन काळच्या समुद्रातील एका शंखधारी प्राण्याचा ठसा आहे, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. नेपाळातील गंडकी नदीच्या खोऱ्यात हे शाळिग्राम मिळतात. जेथे आज हिमालय उभा आहे तेथे एके काळी समुद्र होता, त्या समुद्रातले ते जीव. हे कळल्यावर माझी पूजा थांबली नाही. मात्र दगडाकडे पाहण्याची नजर बदलली हे खरे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई आणि आपल्या जळगावच्या बहिणाबाई ही नावे भराभर वाटली गेली. मी हिस्लॉप साहेबांचे नाव सांगितले तेव्हा दोघीतिघींनी भुवया चढविल्या. एक तर साहेब, त्यातून पाद्री! त्यांचे म्हणणे अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण आपल्या वरणगावच्या स्टेशनावरून जो रूळ पूर्वेकडे गेला आहे तो नागपूरला पोहोचतो, आणि नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे. नात्यातील एका लग्नासाठी तेथे गेले असता मी ती पाटी वाचली व हे हिस्लॉप कोण म्हणून यजमानीणबाईंना विचारले. त्यांच्या घरातली दोन माणसे त्याच कॉलेजात शिकलेली, परंतु त्यांनाही सांगता आले नाही. तेथपासून माझा शोध सुरू झाला.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहान गावी झाला. घरी बांधकामाचा धंदा. स्टीफन व त्यांचा थोरला भाऊ रॉबर्ट या दोघांना लहानपणापासून रानावनात हिंडून किडे, भुंगेरे जमविण्याचा नाद होता. मुलगा खिशात किडे घालून घरी आला तर आपण काय करतो ते सांगायला नको. त्यांच्या आईने काय केले असेल ते तीच जाणे. पण तो नाद मोडला गेला नाही एवढे निश्चित. पुढे स्टीफन यांनी एडिंबरो आणि ग्लासगो येथील विद्यापीठांत शिक्षण घेतले व धर्मोपदेशक होण्याचे ठरविले.

त्या सुमारास स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावच्या जमीनदाराने आपल्या मर्जीतला धर्मोपदेशक मंडळींवर लादावा की नाही, असा तो वाद होता. १८४३ साली साडेचारशेच्या वर धर्मोपदेशक आपली पगाराची जागा व राहते घर सोडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र चर्च स्थापन केले. हिस्लॉप या बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूचे.

याच बाजूचे जे वर्तमानपत्र होते त्याचे संपादक ह्यू मिलर नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याविषयी थोडे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण दगडातल्या माशांची गोष्ट सामान्य माणसांपर्यंत ज्यांनी पोहोचविली ते हेच. मिलर हे १८०२ साली क्रोमार्टी या समुद्रकाठच्या गावी जन्मले. पाच वर्षांचे असताना वडील समुद्रात बुडाले. सतराव्या वर्षी ते पाथरवटाच्या हाताखाली खाणीत कामाला लागले. दिवसभर छिन्नी-हातोडा चालवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत इतर गडी पडून राहिले की यांनी दगड फोडून आत काय आहे ते पाहत बसायचे. त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर चुनखडीचे गोल गोल गोटे मिळत. नारळ फोडावा तसा तो गोटा बरोबर मध्यावर फोडला की कधी कधी आत एक मासा पहुडलेला दिसे.

हे मासे आपल्या तापीतल्या रोहू-मरळसारखे नव्हेत. त्यांच्या अंगावर डोक्यापासून अर्ध्या धडापर्यंत हाडांच्या जाड पट्ट्यांचे चिलखत असे. जुन्या काळच्या शिलेदारांनी घालावे तसे. एका माशाच्या पट्ट्यांवर बारीक दाणे उठलेले, जणू खसखस पेरली आहे. दुसऱ्याच्या दोन बाजूंना वल्ह्यासारखे सांध्याचे दोन हात. हा दुसरा प्राणी पहिल्याने मिलर यांच्या हाती आला तेव्हा तो मासा, कासव की खेकडा हेच त्यांना उमगेना. पुढे आगासी नावाच्या स्वित्झर्लंडच्या पंडिताने तो मासाच असल्याचे ठरविले आणि त्याला मिलर यांचे नाव दिले. या चिलखती माशांचे जबडेही निराळे. जबड्याच्या हाडालाच विळीसारखी धार असे. त्यांचा काळ सुमारे ३८-३९ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात, आणि साधारण ३६ कोटी वर्षांपूर्वी ते सर्वच्या सर्व पृथ्वीवरून नाहीसे झाले. मिलर यांनी त्यांच्यावर १८४१ साली एक पुस्तक लिहिले व ते घरोघर वाचले गेले. एका पाथरवटाने लिहिलेले पुस्तक मोठमोठ्या विद्वानांनी वाचावे, ही गोष्ट मला फार आवडली. आपल्याकडे पाट्याला टाकी लावणारी बाई दारावर येते. ती रोज किती दगड पाहते आणि त्यातले काय जाणते, हे तिला विचारण्याचे आपल्या कधी मनातही येत नाही.

हिस्लॉप यांचा विवाह १८४४ साली इरॅस्मा हल या मुलीशी झाला आणि त्याच वर्षी ही दोघे हिंदुस्थानात यायला निघाली. डिसेंबरात मुंबई, आणि १८४५ च्या आरंभी नागपूर. तेव्हा नागपूरला भोसल्यांचे राज्य होते, आणि जवळच कामठीला इंग्रजांची छावणी. आगगाडी नव्हती; आपल्या खानदेशातून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ साली, म्हणजे हिस्लॉप वारल्यानंतर. नवी नवरी घेऊन असा प्रवास करून परक्या मुलखात, जेथे आपली भाषा जाणणारी मूठभर माणसे, तेथे संसार मांडायचा. इरॅस्माबाईंविषयी मला फार थोडे वाचायला मिळाले, त्याची चुटपुट लागून राहिली आहे. अशा पुरुषांची चरित्रे लिहिताना घरात कोण होते हे लिहिण्याचा रिवाज तेव्हा नसावा.

हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा काढली. आता पाद्रीपणाचा प्रश्न. ते आले होते ते आपल्या लोकांना ख्रिस्ती करण्यासाठीच, आणि ते त्यांनी कधी लपवून ठेविले नाही. शाळा काढली तीही त्याच हेतूने. मुलगा शिकावा तर खरा, पण हातचा जाऊ नये, अशी त्या वेळच्या नागपूरकर आईबापांची ओढाताण झाली असेल तर तिला नावे ठेवता येणार नाहीत. मी त्या वेळी असते तर माझा मुलगा पाठविला असता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. हेतू मला पटत नाही, काम मात्र पटते, अशी माझी स्थिती आहे. आणि ती तशीच लिहावी असे वाटले.

पावसाळा संपून रस्ते वाळले की हिस्लॉप दौऱ्यावर निघत. गावोगाव मुक्काम, बाजारात उभे राहून उपदेश, आणि वाटेने जाताना नजर नदीच्या काठावर, विहिरीच्या नव्या खणतीवर, टेकडीच्या उतारावर. १८४७ साली त्यांच्या जोडीला रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री आले. यांनाही तोच नाद. दोघे मिळून नागपूरभोवतालचा मुलूख दगडागणिक तपासू लागले.

१८५१ च्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या पश्चिमेला टाकळी म्हणून गाव होते. आता ते शहरातच गेले आहे. तिकडच्या काळ्या दगडाच्या थरात त्यांना गोगलगायींचे शंख दिसले. यात नवल ते काय, असे वाटेल. पण नवल आहे, आणि ते आपल्या वरणगावकरांना चांगले समजण्यासारखे आहे. आपल्या पायाखाली जो काळा कातळ आहे, ज्याचे पाटे-वरवंटे, जाती व उंबरे होतात, तो मूळचा पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वर आलेला रस होय. तो तापलेला रस पसरत जाऊन थिजला, पुन्हा दुसरा आला, तो त्यावर थिजला, असे किती तरी वेळा झाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो काळ. अशा रसरसत्या दगडात जीव कसा सापडावा? तर दोन रसांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला. तेवढ्या काळात थिजलेल्या कातळावर पाणी साचून तळी झाली, तळ्यांत गाळ बसला, गोगलगायी व मासे झाले, काठी झाडे उगवली. मग पुन्हा रस आला आणि त्याने सर्व झाकून टाकले. भाकरीच्या चवडीत मधे मधे ठेचा लावून ठेवावा तसे ते दिसते; भाकऱ्या जाड, ठेच्याचा थर पातळ. टाकळीच्या त्या पातळ थरात हिस्लॉप व हंटर यांना शंख, फळे, बिया, भुंगेऱ्यांच्या पाठीवरची कवचे, आणि माशांचे खवले असे सर्व मिळाले. किडे जमविणाऱ्या मुलाला तिशी ओलांडल्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वीचे भुंगेरे मिळावेत, हा योग पाहा.

मग त्यांना चैन पडेना. कामठी व सिल्लेवाडा येथील वाळूच्या दगडात नेच्यासारख्या पानांचे ठसे मिळाले. तशीच पाने पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इतक्या दूर दूर सापडली, आणि ही सर्व भूमी एके काळी एकमेकींना जोडलेली होती असे शास्त्रज्ञ म्हणू लागले. त्या खडकांना १८७२ साली गोंडवन हे नाव मिळाले. आपल्या विदर्भ-मध्यप्रदेशातील गोंड लोकांच्या देशाचे नाव आज सगळ्या जगातील पुस्तकांत आहे. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे बेडकाच्या दूरच्या कुळातील, रुंद चपट्या डोक्याच्या एका प्राण्याची कवटी मिळाली. ती विलायतेस गेली व तेथे ओवेन या मोठ्या शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले.

मासे मात्र आणखी दक्षिणेला होते. प्राणहिता नदीच्या काठी, सिरोंचाच्या वरच्या बाजूला कोटा हे गाव आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. तेथे चुनखडीच्या दगडात मासे निघतात. त्यांचे पहिले नमुने डॉ. वॉकर यांनी मिळविले व ते कर्नल साइक्स यांच्यामार्फत लंडनला पोहोचले. सर फिलिप इजर्टन यांनी १८५१ साली त्यांचे वर्णन करून त्या माशाला दख्खनचे नाव दिले. त्याच सुमारास डॉ. बेल हे कोट्याला कोळशाच्या शोधासाठी खणती करीत होते; कोळशाच्या पायी मासे वर आले म्हणायचे. हे मासे साधारण अठरा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे मिलर यांच्या चिलखती माशांहून पुष्कळ अलीकडचे, आणि जातही वेगळी. याच्या अंगावर हाडांच्या मोठ्या पट्ट्या नाहीत. पण खवले म्हणजे साधे खवले नव्हेत. जाड हाडाचे चौकोनी तुकडे, त्यावर आपल्या दातांवर असते तसे चकाकणारे कठीण कवच, आणि एकाला एक खेटून फरशी बसवावी तसे बसविलेले. शिलेदाराच्या पट्ट्यांच्या चिलखताऐवजी मावळ्याचे कड्यांचे चिलखत म्हणावे. नरम मासा मेला की कुजून जातो, काटेही विखुरतात. याचे खवले मात्र चिखलात जसेच्या तसे टिकले, वर चुन्याचा गाळ बसला, गाळाचा दगड झाला, आणि कोट्यवधी वर्षांनी दगड फुटला तेव्हा खवल्यांची चमक अजून होती. आपण विळीवर मासे साफ करताना जे खवले चुलीच्या राखेत टाकतो, त्यांच्या पणज्याचे पणजे एवढे टिकाऊ असतील असे कुणाला वाटले असते!

कोट्याच्या माशांचे श्रेय हिस्लॉप यांना एकट्याला देता येणार नाही, आणि त्यांनी ते घेतलेही नाही. त्यांनी केले ते असे की कोट्याचे मासे, मांगलीची कवटी, कामठीची पाने आणि टाकळीचे शंख यांत कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा, याची सांगड घालण्याचा प्रथम प्रयत्न केला. पुराचा गाळ वर्षानुवर्षे साचला म्हणजे खालचा जुना आणि वरचा नवा, इतके आपणही सांगू. पण शंभर मैलांवरच्या दोन गाळांचे वय जुळवायचे तर त्यात मेलेल्या जीवांचीच साक्ष काढावी लागते. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या परिसरातील दगडांवरचा मोठा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाने १८५५ साली छापला. त्यात सांगितलेल्या काही गोष्टी पुढच्या शास्त्रज्ञांनी दुरुस्त केल्या, पण ज्यावर दुरुस्ती करायची ते आधी कुणीतरी लिहावे लागते. त्याच वर्षी हंटर प्रकृती बिघडल्यामुळे मायदेशी परतले. तेथे त्यांनी पुढे इंग्रजीचा एक प्रचंड शब्दकोश तयार केला. हिस्लॉप नागपुरातच राहिले.

त्यांना स्वतःला एक खास मासा मिळाला तो मलेरीला. हे गाव प्राणहितेच्या पलीकडे, त्या वेळच्या निजामाच्या मुलखात. आता ते तेलंगणात येते. तेथल्या तांबड्या मातीच्या दगडात माशांचे दात निघाले. दात म्हणजे टोकदार सुळे नव्हेत. तळहातावर मावतील अशा चपट्या जाड पट्ट्या, आणि त्यांवर कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या पंखाकार धारा. भूगर्भ खात्याचे प्रमुख ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन छापले आणि एका जातीला हिस्लॉप यांचे, दुसरीला हंटर यांचे नाव दिले. हा सेराटोडस नावाचा मासा. बावीस कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि त्याचे सगळे कूळ केव्हाच नष्ट झाले आहे अशी त्या काळी समजूत होती.

या दगडांच्या पेट्या नागपूरहून मुंबईला कशा गेल्या असतील याचा मी पुष्कळ वेळा विचार करते. बैलगाडीने घाट उतरून मुंबई, आणि तेथून जहाज; सुएझचा कालवा खुला झाला तो १८६९ साली, त्यापूर्वीच्या या गोष्टी. त्या पेट्यांतील पुष्कळसा माल आज लंडनच्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. आपल्या भूमीतले मासे पाहायला आपल्या मुलांनी लंडनला जावे हे मनाला लागते. दुसऱ्या बाजूने असेही वाटते की त्या वेळी येथे ठेवले असते तर ते कुणी जपले असते? नागपूरचे संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, ते उभे राहिले १८६३ च्या सुमारास. आता सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्मांचे उद्यान केले आहे, हे चांगले झाले. आणि आणखी एक. हे दगड दाखविणारे, खणणारे, डोक्यावरून वाहून आणणारे गोंड, कोळी, शेतकरी यांचीही आठवण ठेवायला हवी.

दगडाखेरीज हिस्लॉप यांना माणसांचाही शोध होता. १८५३ च्या अखेरीस राजे रघूजी भोसले वारले आणि १८५४ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. राज्य गेले, कारभार आला, पण तो नीट चालेना. त्याविषयी हिस्लॉप यांनी वर्तमानपत्रांतून लिहून सरकारचे कान टोचले. १८५७ च्या धामधुमीत नागपूरला उठावाचा बेत ठरत असल्याची सूचना त्यांना एका मुसलमान स्नेह्याने आधी दिली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. आपल्या लोकांच्या दृष्टीने ही गोष्ट निराळी दिसते. पण एवढे कळते की गावात त्यांचा जीव वाचावा असे वाटणारी माणसे होती.

गोंडांच्या वस्त्यांत जाऊन त्यांनी त्यांचे शब्द, चालीरीती व देवदेवता लिहून घेतल्या. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे. त्यांच्या तोंडून लिंगो देवाचे लांबलचक गीत हिस्लॉप यांनी उतरवून घेतले. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांना लिंगोने सोडविले, अशी त्यात कथा आहे. ज्यांना आपला धर्म सोडावयास सांगायचे त्यांच्याच देवाचे गीत अक्षर न् अक्षर जपून ठेवायचे, ही गोष्ट मला मोठी नवलाची वाटते. सातपुड्यातल्या आपल्या भिल्ल-पावऱ्यांच्या वृद्धांजवळही अशी गाणी आहेत. ती म्हणणारे थोडे राहिले आहेत.

१८६१ साली मध्यप्रांत झाला आणि पुढल्याच वर्षी रिचर्ड टेंपल हे त्याचे मुख्य अधिकारी होऊन आले. त्यांची व हिस्लॉप यांची चांगली गट्टी जमली. नागपूरच्या दक्षिणेला, वर्ध्याच्या वाटेवर बोरी आहे. आज बुटीबोरी म्हणून कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे तीच. तिच्याजवळ टाकळघाट. तेथे जमिनीत मोठमोठे दगड वर्तुळाकार पुरलेले आहेत. फार प्राचीन काळी माणसांनी मृतांसाठी मांडलेले. ते उकरून पाहावे म्हणून टेंपल यांचा तळ बोरीला पडला होता. हिस्लॉपही गेले. ४ सप्टेंबर १८६३ चा दिवस. दगडांची पाहणी झाल्यावर टाकळघाटच्या शाळेची तपासणी करायची म्हणून ते मागे राहिले. मुलांची परीक्षा घेऊन संध्याकाळी घोड्यावरून एकटेच बोरीकडे निघाले. पावसाळ्याचे दिवस, सकाळी जो ओढा सहज ओलांडला होता तो संध्याकाळी फुगलेला. त्यांनी घोडा पाण्यात घातला.

तळावर घोडा एकटाच परत आला. खोगीर रिकामे. मशाली घेऊन माणसे धावली, आणि रात्री ओढ्यात त्यांचा देह सापडला. चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीस पुरी झाली असती.

आपणा नदीकाठच्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. नाल्याला पाणी आले आणि घरचे माणूस पलीकडे आहे, अशी संध्याकाळ कुणी काढलेली नाही? मिलर यांचे वडील पाण्यात गेले, हिस्लॉपही पाण्यातच गेले. इरॅस्माबाईंचा नागपुरातला संसार अठरा वर्षांचा होता. घरात दगडांच्या पेट्या, अर्धवट लिहिलेले कागद. ते गोंडांविषयीचे कागद टेंपल यांनी निगुतीने लावून १८६६ साली छापून काढले. मलेरीच्या दगडांवरचा त्यांचा शेवटचा लेखही लंडनला त्यांच्यामागे, १८६४ साली छापला गेला. त्यांनी काढलेली शाळा चालत राहिली व १८८३ साली तिच्यातून जे कॉलेज निघाले त्याला त्यांचे नाव दिले. नागपुरातील सर्वांत जुने कॉलेज ते हेच. नागपूरच्या बाजूच्या एका हिरवट खनिजालाही हिस्लॉपाइट म्हणतात, आणि गोड्या पाण्यात दगडाकाडीला चिकटून राहणाऱ्या एका बारीक जीवाच्या जातीलाही त्यांचे नाव आहे.

राहता राहिला तो मलेरीचा मासा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड म्हणून प्रांत आहे. तेथील बर्नेट नदीकाठचे गोरे शेतकरी एक मोठा, जाड खवल्यांचा मासा धरून खात असत व त्याला बर्नेटचा सामन म्हणत. त्या माशाला फुप्फुस आहे, पाणी कमी झाले की तो वर येऊन हवेत श्वास घेतो. तिकडच्या एका जमीनदाराने त्याविषयी सिडनीच्या संग्रहालयातील क्रेफ्ट यांना अनेकदा सांगितले होते, पण त्यांना ते पटत नव्हते. शेवटी १८७० साली मासाच त्यांच्यापुढे आला. क्रेफ्ट यांनी त्याचे तोंड उघडून पाहिले, तो आत चपट्या पट्ट्या आणि त्यांवर तुऱ्यासारख्या धारा. आगासींच्या ग्रंथात ज्यांची चित्रे होती, ओल्डहॅम यांनी मलेरीहून आलेले ज्यांचे वर्णन केले होते, तशाच घडणीचे ते दात होते. ज्याचे कूळ नष्ट झाले असे सगळे समजत होते, त्याच्या वंशजाला शेतकऱ्यांच्या बायका इतकी वर्षे तव्यावर परतीत होत्या. हिस्लॉप यांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.